आधी बोलेल तो हरला

१

डाल्टन रस्कची अब्रू भर दीक्षान्त समारंभात गेली, आणि ती जाताना बघायला मी वरच्या मजल्यावरच्या स्वस्त खुर्चीत हजर होते. मी दरवर्षी जायचे. कॉपर मेसा विद्यापीठाशी माझं नातं काय, असं कुणी विचारलं तर मी सांगायचे की राग ताजा ठेवायला जाते.

फिनिक्समधल्या आइस हॉकीच्या स्टेडियममध्ये तो समारंभ व्हायचा. बर्फावर फळ्या टाकायचे, त्यामुळे बाहेर मे महिन्याची भट्टी आणि आत पायांना गारठा. यूमा, कासा ग्रांदे अशा लांबच्या गावांहून आलेली कुटुंबं भोंगे वाजवत होती, फुगे सांभाळत होती. त्यातल्या कितीजणांना या डिग्रीवर नोकरी मिळणार हे मला ठाऊक होतं, पण आनंदाच्या दिवशी कुणाच्या तोंडाला कडू चव कशाला आणा.

रस्कला त्या दिवशी मानद डॉक्टरेट द्यायची होती. एका मॉलमध्ये, नखं रंगवायचं दुकान आणि डोनटवाला यांच्यामधल्या खोलीत फोनवर विद्यार्थी पटवण्यापासून त्याने सुरुवात केली होती. पुढे तो पटवणाऱ्यांना शिकवणारा झाला, मग त्यांचा उपाध्यक्ष, मग अख्ख्या विद्यापीठाचा अध्यक्ष. आता देशभर शाखा असलेल्या मोठ्या कंपनीचा प्रमुख म्हणून तो जाणार होता. भल्यामोठ्या पडद्यावर त्याच्या या प्रवासाची फिल्म सुरू व्हायची होती.

पडदा काळाच राहिला. नुसता आवाज आला.

आधी आन्सरिंग मशीनची शिट्टी. मग एका बाईचं दमलेलं "हॅलो". मागे सुस्कारे टाकणारं एक यंत्र. आणि मग रस्कचा आवाज, तरुण, मधाळ.

"मॅडम, तुमच्या यजमानांना डिग्रीची किती हौस, ते स्वतःच सांगत होते मला."

"हो, पण आता... डॉक्टर म्हणतात, थोडे आठवडे राहिलेत."

"डॉक्टर रिपोर्ट बघतात हो. तुम्ही माणूस बघता. ज्याच्यापुढे ध्येय असतं ना, तो जास्त जगतो. मग सांगा, त्यांना ही आशा तुम्ही देणार की नाही?"

त्यानंतर शांतता. फक्त ते यंत्र सुस्कारत होतं. स्टेडियममधला एकही भोंगा वाजला नाही. शेवटी बाई म्हणाली, "देईन."

आणि पलीकडे, रस्कच्या बाजूला, घंटा वाजली आणि टाळ्या पडल्या. विद्यार्थी गळाला लागला की त्या खोलीत घंटा वाजवतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. रेकॉर्डिंग तिथेच संपलं.

रस्क मखमली झगा घालून मंचावर उभा होता.  त्याने फक्त मानेमागे हात नेला आणि कॉलरखाली खाजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. "नदीन? डाल्टन रस्क बोलतोय. माझं एक काम आहे, आणि ते तूच करू शकतेस."

२

माझा धंदा आधी सांगते. मी नदीन टटल, पगारी खोटी विद्यार्थिनी. विद्यापीठं मला नेमतात. मी कधी घटस्फोटित वेट्रेस होते, कधी ट्रक चालवणारी, आणि फोन करून प्रवेश मागते. पलीकडचा सल्लागार किती खोटं बोलतो ते टिपून कळवते. कॉपर मेसासाठी मी बरीच वर्षं हे केलं. माझ्या अहवालांवरून पंचविशीतली पोरं नोकरीवरून गेली. ज्याने त्यांना खोटं बोलायला शिकवलं, त्याच्या खुर्चीला धक्का लागला नाही.

हे काम मी का धरलं, तेही सांगते. माझा भाऊ वेंडल सैन्यात होता. डोक्याला मार लागून परत आला. आजचा वार कोणता हे त्याला सांगावं लागतं. अशा माणसाला रस्कने फोनवरून व्यवसाय व्यवस्थापनाला बसवलं, तेही नवशिक्यांना धडा म्हणून, सगळ्यांसमोर स्पीकर लावून. वेंडलला सरकारकडून जन्मात एकदाच मिळणारी शिक्षणाची मदत त्यात गेली. तो आता माझ्याकडे राहतो आणि अजून विचारतो, क्लास कधी सुरू होणार. माझं लग्नानंतरचं आडनाव वेगळं, म्हणून रस्कला याचा पत्ता नव्हता.

तो तिसऱ्या वाक्याला कुणालाही अगं-तुगं करतो. त्याच्या ऑफिसात पाहुण्यांच्या खुर्चीत मला बसवून त्याने कॉफी पुढे केली.

"हे रेकॉर्डिंग नकली आहे. कुणीतरी नटी आणली आणि माझी नक्कल केली. वर्तमानपत्रांना छापायला एवढं पुरे."

"आणि खरं काय?"

"खरं असो नाहीतर खोटं. सोमवारी राज्याची सुनावणी आहे, आपल्या परवान्याची. तिथे कुणी बाई उभी राहून म्हणाली की हा माझाच आवाज आणि पलीकडे रस्कच होता, तर परवाना गेला, नवी नोकरी गेली. ती बाई मला सोमवारच्या आत हवी. तिच्याशी मी बोलेन. बोलण्यात मला कुणी हरवलेलं नाही, तुला माहितीये."

होतं माहीत. आम्ही सगळ्यांनी ते त्याच्या तोंडून ऐकलं होतं. दुखरी जागा शोधा, तिच्यावर बोट ठेवा, प्रश्न विचारा, आणि मग गप्प बसा. आधी बोलेल तो हरला.

"ती इथलीच कुणी असेल तर?" मी विचारलं.

"शक्यच नाही. मला चेहरे लक्षात राहत नाहीत, नदीन, पण आवाज एकदा ऐकला की जन्मभर. माझं अख्खं करिअर या कानांवर उभं आहे. इथल्या ज्या ज्या बाईशी मी बोललोय त्यातली ती कुणी नाही. तिने आतल्या कुणाच्या तरी हातात हे दिलं. मला तर तो म्हातारा डीन वाटतो. त्याची पेन्शन मी थांबवून ठेवलीये."

पुन्हा त्याचा हात मानेमागे गेला. लाल ओरखडा दिसला. "कॉलर टोचते मेली. दर समारंभाला. त्वचेचा डॉक्टर झाला, मलम झालं, काही उपयोग नाही."

मी माझा छोटा रेकॉर्डर टेबलावर ठेवला, लाल दिवा लागलेला. माझ्याशी झालेलं प्रत्येक बोलणं रेकॉर्ड करायचं, हे कलम माझ्या करारात त्यानेच घातलं होतं. पोरांना कामावरून काढताना पुरावा हवा म्हणून. त्या दिव्याकडे तो आता बघतही नसे.

"घेते काम," मी म्हटलं. ती बाई मलाही हवी होती. फक्त त्याच्या आधी.

३

फिल्म कॅमी वेल्चने बनवली होती, स्टेडियमला नेली डीन अँसेल प्रॉक्टरने, आणि लावली उपाध्यक्ष रॉइस बॅसेटने. तिघांनाही रस्कचा कळवळा असायचं कारण नव्हतं.

कॅमी प्रसिद्धी खात्यात होती आणि तिचं खातंच बंद होणार होतं. ती टेबल आवरत होती.

"त्याची अब्रू जावी अशी माझी इच्छा होती का, विचारतेस? होती. पण माझी फिल्म चांगली झाली होती गं. व्हायोलिन होतं, सूर्योदय होता, त्याचे लहानपणीचे फोटो होते. ती कुणी पाहिलीच नाही याचं मला रडू आलं."

"पेन ड्राइव्ह कसला होता?"

"आपला निळा. विद्यापीठाचं चिन्ह असलेला, पदवीधरांना पिशवीतून फुकट देतो तसला. टोपलीभर पडलेत."

म्हणजे अदलाबदल कुणालाही करता आली असती. रॉइस बॅसेटला अध्यक्ष व्हायचं होतं आणि रस्कने बाहेरचा माणूस आणला होता, त्यामुळे तो माझा सगळ्यात आवडता संशयित होता. तो दारातच उभा राहून बोलला.

"डीनने जे हातात दिलं ते मी मशीनला लावलं. माझ्याबरोबर स्टेडियमचे दोन तंत्रज्ञ होते, विचारून ये. आवाज सुरू झाल्यावर बंद का नाही केला, असं डाल्टनने विचारायला सांगितलं असेल."

"का नाही केला?"

"ऐकायचं होतं," तो म्हणाला. त्याने दार लावलं नाही आणि नजरही चुकवली नाही. तंत्रज्ञांनी पुढे त्याच्या म्हणण्याला दुजोरा दिला.

राहिला डीन. अँसेल प्रॉक्टर इतिहासाचा माणूस, उंच, वाकलेला. रस्कच्या सांगण्यावरून त्याने नापास मुलांना पास केलं होतं आणि त्या लाजेने तो कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे.

"मी नाही केलं," तो म्हणाला. "करायला हवं होतं, पण तेवढी छाती नाही माझी. कॅमीने ड्राइव्ह दिला तो खिशात ठेवला आणि खिशातून काढून रॉइसला दिला. मधे तो खिशाबाहेर आलाच नाही. पोलिसांना हेच सांगेन, आणि मग मीच एकटा उरतो, हे मला कळतंय."

मला त्याची कीव आली. तो खोटं बोलत नव्हता. मी दारापर्यंत गेले, आणि मग मंचावरचा त्याचा लांबलचक काळा झगा डोळ्यांपुढे आला.

"प्रोफेसर, कुठल्या खिशात? झग्याला खिसा नसतो."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

४

"कोट," डीन म्हणाला. "कोटाच्या खिशात. त्या दिव्यांखाली झग्यात कोट घातला तर माणूस शिजतो. आम्ही जुनी मंडळी कोट काढून ठेवतो. झगा चढवला, रांगेची तालीम केली, मग परत येऊन कोटातून ड्राइव्ह घेतला आणि रॉइसला दिला. माझ्या डोक्यात तो खिशातच होता हो."

"आणि कोट कुठे होता?"

"कपड्यांच्या खोलीत. मिसेस हॅचकडे. मी मुद्दाम बजावलं होतं, या कोटाकडे लक्ष ठेवा, यात साहेबांचं सगळं आयुष्य आहे." तो कसनुसं हसला. "गंमत म्हणून म्हटलं होतं."

झगे भाड्याने देणाऱ्या कंपनीची माणसं दोन दिवस झगे परत घेत असतात. स्टेडियमच्या तळघरात मिसेस हॅच खोक्यांच्या ढिगाऱ्यात बसून घड्या घालत होती. साठीची, गोल चेहऱ्याची, करड्या केसांचा अंबाडा, मनगटावर टाचण्यांची गादी. बडबडी आणि खट्याळ निघाली.

"बस ना, त्या खोक्यावर बस. कोट? अगं, माणसं माझ्याकडे काय काय ठेवून जातात. एकाने आपली कवळी ठेवली होती, भाषण विसरलं तर निदान तोंड मिटून राहता येईल म्हणून."

मी हसले. "कोटाजवळ कुणी आलं होतं का?"

"सगळेच आले. सगळ्यांचे हुक माझ्याच हातचे. डीनना बटण लागत नाही, कॅमीबाईंना सगळं सैल हवं, आणि साहेबांना..." ती थांबली. "साहेबांना कॉलर ताठ लागते."

तेवढ्यात जिन्यावरून रस्कचा आवाज आला. तो फोनवर कुणाशी तरी बोलत खाली येत होता. मिसेस हॅचने वर पाहिलं नाही. तिने मनगटावरच्या टाचण्या उपसल्या आणि एकेक करून ओठांत धरल्या. खोलीत शिवायला काहीच नव्हतं. सगळे झगे घड्या घालून खोक्यांत बंद झाले होते.

रस्क आत आला. नव्या कंपनीच्या समारंभासाठी त्याला झगा थोडा लांब करून हवा होता. तो हात पसरून उभा राहिला, फोनवर बोलतच. तिने माप घेतलं. त्याने विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल?" तिने होकारार्थी मान डोलावली. तो निघून गेला. त्याने तिचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं.

तिने टाचण्या काढून परत गादीत खोचल्या आणि मला म्हणाली, "हं, काय म्हणत होतीस?"

माझी नजर त्या टाचण्यांवर होती. 

५

मी खोक्यावरून उठून दार लावलं.

"मिसेस हॅच, ते रेकॉर्डिंग कंपनीतून चोरलेलं नाही," मी म्हटलं. "कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी, हा फोन रेकॉर्ड होतोय, अशी सूचना ऐकू येते. यात आन्सरिंग मशीनची शिट्टी आहे, आणि बाईचा आवाज जवळून येतो, रस्कचा लांबून. मशीनने फोन घेतला, मागाहून बाईने उचलला, आणि मशीन चालूच राहिलं. म्हणजे ही टेप त्या बाईच्या घरची. ती इतकी वर्षं कुणी जपून ठेवेल? तिनेच."

ती घड्या घालत राहिली.

"रस्क म्हणतो, ज्या बायकांशी तो बोललाय त्यात ती नाही, कारण तो आवाज विसरत नाही. सगळे त्यावर विश्वास ठेवून बाहेर शोधताहेत. मी म्हटलं, तो ज्यांच्याशी बोललाय त्या सोडून देऊ. जिचा आवाज त्याने कधी ऐकलाच नाही, अशी कोण आहे? माझ्याशी भरभरून बोलणारी बाई, तो आल्यावर तोंडात टाचण्या धरते, शिवायला काही नसताना. डीनचा कोट तिच्याच ताब्यात होता. निळे ड्राइव्ह टोपलीभर मिळतात."

"वाचनालयात टेपवरचं ड्राइव्हवर उतरवून देतात," ती खाली बघत म्हणाली. "फुकट. तिथल्या मुलीने पडदा काळा कसा ठेवायचा तेही शिकवलं. मी सांगितलं, नवऱ्याची आठवण आहे."

"आणि त्याच्या मानेवरचा ओरखडा?"

आता ती हसली, आणि त्या हसण्यात दात दिसले. "दर समारंभाला एक टाचणी. कॉलरच्या आत, आडवी. तेवढ्यावर मी वर्ष काढायची."

तिचं खरं नाव ओपल ग्रेडी. हॅच हे माहेरचं. नवरा लेलंड बस चालवायचा, इतिहास वाचायचा वेड्यासारखा. फुप्फुसाचा आजार झाल्यावर पडल्या पडल्या त्याने कुठल्याशा जाहिरातीला उत्तर धाडलं. नाव नोंदवल्यानंतर क्लास सुरू व्हायच्या आधी तो गेला. फीच्या कर्जाला जामीन ही होती, त्यात राहतं घर गेलं. मग तिने झग्यांच्या कंपनीत काम धरलं, कारण ते झगे कॉपर मेसाला जात होते.

"सोमवारी सुनावणीला चला," मी म्हटलं. "आत्ता, इथून माझ्या गाडीत बसा. तो तुम्हाला गाठायच्या आत."

तिने मान हलवली. "मला नाही येता येणार. म्हणून तर टेपवर भागवलं. प्रवेशाच्या कागदावर लेलंडची सही आहे ना, ती मी केलीये. त्याला पेन धरवत नव्हतं. तो रस्क म्हणाला, तुम्हीच करा, घरचंच माणूस आहे. पण हे टेपवर नाही. तोवर टेप संपली होती. मी उभी राहिले तर त्याचा वकील एवढंच विचारेल की सही कुणाची, आणि तुरुंगात मी जाईन."

इथे मी अडकले. बाई सापडली होती, आणि तिच्या तोंडावर रस्कनेच कुलूप लावून ठेवलं होतं. किल्लीही त्याच्याच तोंडात होती. त्याने स्वतः म्हणायला हवं होतं, की सही करायला मीच सांगितलं.

"त्याला एक प्रश्न विचाराल?" मी म्हटलं. "एकच. आणि मग गप्प बसायचं. तो काहीही म्हणाला तरी गप्प. जमेल?"

ओपल ग्रेडीने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. "गप्प बसायला? बाई गं, इतकी वर्षं मी त्याच्यासमोर दुसरं काय केलंय?"

६

शुक्रवारी दुपारी मी रस्कच्या ऑफिसात गेले, रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "सापडली."

त्याचे डोळे चमकले. "कोण? कुठे राहते? नवरा, मुलं? काय दुखतं तिचं?"

"तिलाच विचारा."

ओपल आत आली. हातावर त्याचा झगा, ओठांत टाचण्या. रस्कने हात झटकला. "आत्ता नको, अं... नंतर या. ठेवून द्या तिकडे."

तिने झगा खुर्चीवर ठेवला. मग ओठांतली एकेक टाचणी काढून त्याच्या टेबलावर ओळीने मांडली. त्याला काही समजेना. शेवटची टाचणी ठेवून ती त्याच्या समोर बसली आणि म्हणाली, "मिस्टर रस्क, माझा आवाज आठवतो का तुम्हाला?"

आणि ती गप्प झाली.

रस्कने आधी माझ्याकडे पाहिलं. मीही गप्प. त्याने ओळखीचं हसू आणलं, पुढे झुकला, वाट पाहिली. या खेळात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण समोर जी बसली होती तिने त्याच्यासाठी किती ऋतू तोंड मिटून काढले होते, हे त्याला कुठे ठाऊक. ओपल हात मांडीवर ठेवून बसून राहिली. खिडकीतलं एसी घरघरत होतं. त्याच्या कपाळावर घाम आला.

"अर्थात आठवतो," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही... टॉलसन गावच्या. मुलगा तुरुंगात होता, त्याला वकील करायचं होतं तुम्हाला."

ओपल गप्प.

"नाही? मग मेसा गावच्या. तीन पोरं, नवरा सोडून गेलेला. तुम्ही रडत होतात, मी म्हटलं होतं, रडून भाडं भरलं जात नाही." तो हसला. ती हसली नाही. "थांबा. सांगू नका. की तो डोक्याला मार लागलेला सैनिक, त्याचं कुणी तुम्ही? ज्याला वार आठवत नव्हता? त्याला मी तीनदा मंगळवार आहे म्हणून सांगितलं, होता शुक्रवार. पोरं हसून हसून..."

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. जीभ दातांत धरली, रक्ताची चव आली. मी एक शब्द बोलले असते तर सगळं तिथेच संपलं असतं.

"यंत्र," रस्क म्हणाला. आता तो स्वतःशीच बोलत होता. "टेपवर ऑक्सिजनचं यंत्र आहे. आजारी नवरा. हां. आजारी नवऱ्यांच्या बायका बऱ्याच होत्या, खोटं कशाला बोलू. त्या लवकर पटायच्या." आणि एकदम तो सावरला. त्याला जागा सापडली होती. आवाज मऊ झाला. "मग मला सांगा मॅडम, नवरा अंथरुणात, हातात ताकद नाही. कागदावर सही कुणी केली?"

ओपल गप्प.

"तुम्हीच ना? तुम्हीच. मी सगळ्यांना तेच सांगायचो, तुम्हीच करा, घरचंच माणूस आहे. सगळ्या करायच्या. पण कायद्याने गुन्हा माझा नाही होत, बरं का. गुन्हा तुमचा. सोमवारी तिथे गेलात तर बेड्या तुम्हाला. म्हणून म्हणतो, हा आवाज माझा नाही एवढं लिहून द्या, आणि घरी जा. काय म्हणता?"

आता तो गप्प बसला, धड्याप्रमाणे. पण उशीर झाला होता.

मी हात पुढे करून रेकॉर्डर उचलला. लाल दिवा चालूच होता. रस्कने त्याच्याकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच.

"करारातलं कलम," मी म्हटलं. "तुझंच."

तो उठला. हात माझ्याकडे आला, पण मधे ओपल उभी होती आणि दारात डीन प्रॉक्टर उभा होता. त्याला मीच बोलावलं होतं. त्याने सगळं ऐकलं होतं आणि आज तो रस्कच्या डोळ्यांत बघत होता.

"आधी तू बोललास, डाल्टन," डीन म्हणाला.

७

सोमवारी सुनावणीत माझं रेकॉर्डिंग वाजलं. मग ओपल उभी राहिली, आणि तिचा आवाज जुन्या टेपशी जुळवून बघायची गरज कुणालाच पडली नाही. तिच्यावर खटला भरण्याचा विषयही निघाला नाही. टॉलसनच्या बाई वर्तमानपत्रात वाचून स्वतःहून पुढे आल्या, मग मेसाच्या. परवाना गेला, नवी नोकरी गेली, आणि रस्कवर फसवणुकीचा खटला उभा राहिला. मला त्याची दया येईल असं काहींना वाटलं होतं. आली नाही. मी त्याच्या प्रत्येक तारखेला जाते, पुढच्या रांगेत बसते.

ओपल मात्र त्या शुक्रवारी माझ्या गाडीत बसल्यावर समोर बघत होती. मी म्हटलं, "जिंकलात तुम्ही."

"त्याला आठवलंच नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, एक शब्द काढला तर ओळखेल. जेवताना, झोपताना तोंडात लोखंडाची चव असायची माझ्या. आणि त्याला कुणाचाच आवाज आठवत नव्हता. आवाज विसरत नाही, हेसुद्धा तो माल खपवायलाच सांगायचा." तिने डोळे पुसले नाहीत. "त्याच्यासमोर गाणी म्हटली असती तरी चाललं असतं की."

 मी गाडी सुरू केली.

परवान्याचा निकाल लागला त्या दिवशी घरी आले तेव्हा वेंडल स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावत होता. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. "नदीन, आपला क्लास कधी सुरू होणार?"

आजवर मी म्हणायचे, लवकरच. त्या दिवशी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि खरं ते सांगितलं. "वेंडल, ते विद्यापीठ बंद झालं. कायमचं. आता क्लास नाही."

 मग त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि त्याने अर्धा टोस्ट माझ्यापुढे सरकवला.

"बरं झालं," तो म्हणाला. "माझा काहीच अभ्यास झाला नव्हता."